हसा म्हटल्याने हसू येत नाही

कोणत्याही जुन्या पेढीत पाऊल टाकले, की गादीच्या मागच्या भिंतीवर मूळ पुरुषाचे छायाचित्र दिसते. डोक्यावर पगडी किंवा फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट, नजर सरळ आणि ओठ घट्ट मिटलेले. शेजारी त्यांच्या पत्नीचे छायाचित्र असलेच, तर तेही त्याच धाटणीचे. नातवंडांना वाटते, आपले पणजोबा फार करडे असावेत. घरातील वडीलधारी मंडळी मात्र सांगतात, की त्यांच्याइतका थट्टेखोर माणूस पंचक्रोशीत नव्हता. मग तो थट्टेखोर माणूस छायाचित्रात शिरता शिरता कुठे हरवला?

ह्याचे एक कारण यंत्रात होते. 1839 साली फ्रान्समध्ये दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली, तेव्हा एक चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. पुढील काही वर्षांत हा वेळ मिनिटाच्या आत आला, तरी तेवढा वेळही मान न हलवता बसणे सोपे नव्हते. म्हणून बसणाऱ्याच्या पाठीमागे एक लोखंडी आधार उभा करीत आणि त्याच्या चिमट्यात डोके अडकवीत. स्थिर चेहरा बराच काळ टिकतो, हसू टिकत नाही. ते ओसरू लागले की चित्रात तोंडाच्या जागी धूसर डाग उमटे.

परंतु सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरड्या काचपट्ट्या आल्या आणि क्षणार्धात चित्र टिपता येऊ लागले. राजा दीनदयाळ ह्यांनी 1896 मध्ये मुंबईत आपली चित्रशाळा उघडली, तेव्हा लोखंडी चिमट्याची गरज फारशी उरलेली नव्हती. तरीही माणसे गंभीरच बसत राहिली. छायाचित्र काढणे हा आयुष्यात एकदा-दोनदा येणारा प्रसंग होता. त्यासाठी ठेवणीतले कपडे निघत, दागिने निघत, आणि चेहराही ठेवणीतलाच निघे. पुढे 1900 साली कोडॅक कंपनीने अवघ्या एका डॉलरला ‘ब्राउनी’ नावाचा कॅमेरा विकायला काढला आणि घरच्या माणसाने घरच्या माणसाचे चित्र काढण्याची प्रथा जगभर रूढ होऊ लागली. हसरे चेहरे छायाचित्रांत दिसू लागले ते ह्या घरगुती वहिवाटीबरोबर.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. एका लग्नात हजारो चित्रे निघतात आणि जवळजवळ सर्वांत माणसे दात दाखवून उभी असतात. पण अल्बम चाळताना आपला हात एखाद्याच चित्रावर थांबतो आणि आपण म्हणतो, ‘‘ही बघा, ही खरी आपली आक्का!’’ बाकीच्या चित्रांत आक्काच असते, मग तिथे काय कमी पडले?

ह्या प्रश्नाचे उत्तर एका फ्रेंच वैद्याने शोधले होते. ग्योम द्युशेन हे त्यांचे नाव. चेहऱ्याच्या निरनिराळ्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन कोणता स्नायू कोणता भाव उमटवतो, हे त्यांनी तपासले आणि 1862 साली छायाचित्रांसह ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या प्रयोगांतील प्रसिद्ध चेहरा एका दात पडलेल्या वृद्धाचा आहे. द्युशेन ह्यांच्या ध्यानात आले, की हसण्यात दोन स्नायूंचा वाटा असतो. पहिला गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि कोपरा वर ओढतो. तो आपल्या इच्छेप्रमाणे चालतो. दुसरा डोळ्याभोवती कड्यासारखा असतो. तो आवळला की गाल किंचित वर चढतात, खालची पापणी फुगते आणि डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्यांचा पंखा उघडतो. द्युशेन ह्यांच्या मते हा दुसरा स्नायू केवळ मनातल्या आनंदानेच हलतो. पुढील अभ्यासकांनी ह्या नियमाला थोडी मुरड घातली आहे. काही माणसांना तो स्नायूही हुकमाने आवळता येतो. तरी सामान्यतः ओठ आज्ञा पाळतात आणि डोळे पाळत नाहीत, हे आपल्यालाही अनुभवाने ठाऊक असते.

चार्ल्स डार्विन ह्यांनी 1872 च्या आपल्या ग्रंथात ह्याच चित्रांचा उपयोग केला. त्या वृद्धाचे मनापासून हसतानाचे चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाने ते खरे हसू म्हणून तत्काळ ओळखले. विजेच्या प्रवाहाने केवळ ओठ ताणलेले चित्र मात्र त्यांनी 24 जणांना दाखवले, तेव्हा 3 जणांना त्याचा अर्थच लागला नाही. उरलेल्यांना ते हसण्यासारखे काहीतरी आहे एवढे कळले, पण कोणाला त्यात कुचेष्टा दिसली, तर कोणाला हसण्याची नुसती खटपट. विजेचा प्रवाह तेवढा वगळला, तर आपल्या घरातील अनेक छायाचित्रांबद्दल हेच म्हणता येईल.

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे शास्त्र नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक हसले, की ते पटल्याचे हसू आहे की उठून जाण्यापूर्वीचे, हे गादीवरच्या माणसाला त्याच्या डोळ्यांवरून कळते. गिऱ्हाइकाला ‘तुम्ही आता प्रसन्न व्हा’ असे कोणी दुकानदार सांगत नाही. तो बसायला देतो, पाणी विचारतो, घरच्यांची चौकशी करतो. प्रसन्नता त्यातून येते. कॅमेरा हातात घेतल्यावर मात्र हीच शहाणी माणसे ‘स्माइल प्लीज’ असा हुकूम सोडतात आणि समोरचा माणूस तो हुकूम ओठांपुरता पाळतो.

हुकमाला पर्याय म्हणून निरनिराळ्या देशांनी शब्द शोधले. इंग्रजी बोलणारे ‘चीज’ म्हणायला लावतात, कोरियात ‘किमची’ म्हणतात, चीनमध्ये ‘छिएत्झ’ म्हणजे वांगे आणि स्पेनमध्ये ‘पाताता’ म्हणजे बटाटा. आपल्यापैकी पुष्कळ घरांत ह्यातील शेवटच्या दोन वस्तूंना स्वयंपाकघरात प्रवेश नाही. तेव्हा चातुर्मासात एखाद्या नातवाने आजीला ‘बटाटा’ म्हणायला सांगितले, तर तिला खरेखुरे हसू येण्याचा संभव आहे! एरवी ‘चीज’ किंवा ‘किमची’ ह्यांतील ‘ई’ हा स्वर ओठ आडवे ताणतो, एवढेच. गाल आणि डोळे त्यात सामील होत नाहीत.

मग खरे हसू यावे कसे? ते मागून मिळत नाही. त्याला येण्याजोगी जागा करावी लागते. व्हसारी ह्या इटालियन चरित्रकाराने 1550 साली लिहून ठेवले आहे, की मोनालिसाचे चित्र रंगवताना लिओनार्दो गाणारी, वाजवणारी आणि विनोद करणारी माणसे जवळ ठेवीत असे. समोर बसलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर खिन्नता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. उलट उदाहरणही प्रसिद्ध आहे. 30 डिसेंबर 1941 रोजी कॅनडातील ओटावा येथे यूसुफ कार्श हे चर्चिल ह्यांचे छायाचित्र घेणार होते. चर्चिल तोंडातील चिरूट बाजूला ठेवीनात. कार्श ह्यांनी पुढे होऊन तो अलगद काढून घेतला आणि लगेच चित्र टिपले. त्यातली चर्चिल ह्यांची रागीट मुद्रा जगभर गाजली. त्यानंतर चर्चिल हसले आणि त्यांनी आणखी एक चित्र काढू दिले, त्यात ते प्रसन्न दिसतात. माणूस तोच, खोली तीच, मधे काही क्षण गेले एवढेच. छायाचित्रातला चेहरा म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाला दिलेले उत्तर असते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

आता घरी करण्याजोग्या काही गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट पूर्वतयारीची. खरे हसू काही क्षणांचेच असते. आजोबांना खुर्चीवर बसवून नंतर आपण फोनची साफसफाई, जागेची निवड आणि प्रकाशाची चर्चा करीत राहिलो, तर ते हसू येऊन निघूनही जाते. म्हणून जागा आधी ठरवावी, तिथे घरातील एखाद्या मुलाला बसवून पाहावे आणि सर्व सिद्ध झाल्यावरच वडीलधाऱ्यांना बोलवावे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. भर उन्हात उभे केलेला माणूस हसत नाही, तो डोळे बारीक करतो. चित्रात ते वैतागासारखे दिसते. सकाळच्या वेळी खिडकीजवळ, ओसरीवर किंवा दुकानाच्या दाराच्या आत दोन पावलांवर मिळणारा मऊ उजेड चेहऱ्याला मानवतो. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेऊ नये. जवळून नाक मोठे दिसते आणि माणूसही अवघडतो. पाच-सहा फुटांवर उभे राहून फोनमधील दुप्पट मोठे दाखवणारी भिंग वापरावी. फोन बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीत असावा. आजीच्या चष्म्यावर उजेड चमकत असेल, तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलाव्या. काचा थोड्या खाली झुकतात आणि चमक नाहीशी होते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोलण्याची. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून संपणारा प्रश्न विचारू नये. ज्याच्या उत्तरासाठी आठवणीत जावे लागेल, असा विचारावा. ‘‘आजोबा, दुकान उघडले त्या दिवशी पहिले गिऱ्हाईक कोण आले होते?’’ ‘‘आज्जी, सासरी आल्यावर तुमचा पहिला स्वयंपाक कसा झाला होता?’’ शक्य असेल, तर प्रश्न विचारणारा एक आणि चित्र काढणारा दुसरा असावा. विचारणाऱ्याने कॅमेऱ्याला अगदी चिकटून बसावे, म्हणजे नजर आपोआप योग्य ठिकाणी राहते. उत्तर रंगात आले, की एकामागून एक चित्रे टिपीत राहावे. खदखदून हसतानाचे चित्र बहुधा सर्वोत्तम नसते, कारण त्यात डोळे पुरते मिटतात आणि मान मागे जाते. हसण्याचा भर ओसरून माणूस श्वास घेतो आणि चेहऱ्यावर त्या हसण्याची ऊब शिल्लक असते, तो क्षण जपून ठेवण्यासारखा. अनेक जण नेमके तेव्हाच फोन खाली घेतात.

चौथी गोष्ट हातांची. हातांना काम नसले, की माणसाला आपण पाहिले जात आहोत ह्याची जाणीव बोचू लागते. मेथी निवडणारी काकी, कापडाचा तागा उलगडणारे काका, मोगऱ्याचा गजरा ओवणारी वहिनी ही सर्व मंडळी कॅमेरा थोड्या वेळात विसरतात. काम करताना त्यांना हाक मारावी. हाक ऐकून मान वर करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटते, तिला तोड नाही.

मुलांच्या बाबतीत पथ्य एकच. त्यांना ‘हस’ म्हणू नये. दात विचकण्याचे ते विशिष्ट ‘फोटोचे हसू’ मुले मोठ्यांच्या आग्रहातूनच शिकतात. जमिनीवर बसून त्यांच्या पातळीवर यावे, खेळ चालू द्यावा आणि वाट पाहावी. तरुणांसाठी आणखी एक गंमत आहे. फिलिप हाल्समन हे विख्यात छायाचित्रकार मोठमोठ्या व्यक्तींना चित्र झाल्यावर उडी मारायला सांगत. ड्यूक आणि डचेस ऑफ विंडसर ह्यांनी त्यांच्यासमोर उडी मारली, तशीच रिचर्ड निक्सन ह्यांनीही. उडीत लक्ष गुंतले, की चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो, असे त्यांचे मत होते. 1959 मध्ये त्यांनी ह्या उड्यांचे पुस्तकच काढले. आपल्याकडील काकांना उडी मारायला लावणे जमेलच असे नाही, पण भाचरांना सांगून पाहण्यास हरकत नाही.

एकत्र कुटुंबाच्या चित्रात वेगळीच अडचण असते. एकाचे हसू चांगले येते तेव्हा दुसऱ्याचे डोळे मिटलेले असतात. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ह्या संशोधनसंस्थेतील पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन ह्यांनी ह्याचे गणित मांडले आणि 2006 साली त्यांना त्याबद्दल ‘इग नोबेल’ हा गमतीदार पुरस्कार मिळाला. त्यांचा ठोकताळा असा: मंडळी 20 पेक्षा कमी असतील, तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला 3 ने भागावे, उजेड कमी असल्यास 2 ने. येईल तितकी चित्रे काढली, म्हणजे सर्वांचे डोळे उघडे असलेले एक तरी चित्र बहुधा हाती लागते. घरात 18 माणसे असतील, तर दिवसा 6 आणि रात्रीच्या दिव्यांत 9. हा हिशेब आपल्या वाचकांना जड जाऊ नये.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. फोनमधील सौंदर्य वाढवणारी सोय चेहऱ्यावरील रेषा पुसून त्वचा गुळगुळीत करते. द्युशेन ह्यांनी दाखवलेला डोळ्यांच्या कडेचा सुरकुत्यांचा पंखा हीच तर खऱ्या हसण्याची खूण असते, आणि नेमकी तीच ह्या सोयीत प्रथम नाहीशी होते. विवाहासाठी पाठवायच्या परिचयपत्रात असे पुसून काढलेले चित्र देण्याचा मोह होतो. समोरचे कुटुंब शेवटी प्रत्यक्ष भेटणारच असते. मुलीला किंवा मुलाला स्टुडिओत ताटकळत उभे करण्यापेक्षा बहिणीने किंवा मैत्रिणीने गप्पा मारता मारता काढलेले चित्र अधिक खरे आणि म्हणून अधिक उपयोगाचे ठरते.

तसेच, प्रत्येकाने दात दाखवलेच पाहिजेत असेही नाही. कवळी बसवलेली आजी तोंडावर पदर धरते, दात पडलेले आजोबा ओठ मिटून घेतात. त्यांना सर्वांसमक्ष ‘अहो, मोकळे हसा की’ म्हणणे म्हणजे त्यांचा संकोच चव्हाट्यावर आणणे होय. मिटल्या ओठांचे स्मितही पूर्ण असते, कारण ते डोळ्यांत उतरलेले असते. घरात नुकतेच दुःख घडले असेल, तर त्या माणसाला हसण्याचा आग्रहच करू नये. शांत चेहऱ्याचे चित्रही त्या व्यक्तीचेच असते.

ह्या सर्व खटाटोपाचे कारण आता सांगणे अवश्य आहे. घरातील वडीलधारे माणूस जाते, तेव्हा त्याच रात्री कोणीतरी फोन उघडून बसते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात श्रद्धांजलीची जाहिरात द्यायची असते, तसबिरीला छायाचित्र हवे असते. हजारो चित्रे उलटली जातात. लग्नाच्या घोळक्यात बाबा कडेला अर्धे दिसतात, वाढदिवसाच्या चित्रात मेणबत्त्यांमागे त्यांचा चेहरा झाकला आहे, सहलीच्या चित्रांत ते नाहीतच. अखेर आधार कार्डावरचे चित्र मोठे केले जाते किंवा पारपत्राचे. पारपत्राच्या चित्रात तर ओठ मिटून निर्विकार बसण्याचा नियमच असतो. कधी घोळक्यातून चेहरा कापून काढतात आणि शेजारच्या व्याह्यांचा खांदा तसबिरीत तसाच राहतो. पुढची तीस-चाळीस वर्षे नातवंडांना आजोबा म्हणून तोच चेहरा भेटणार असतो. सर्वांच्या पाठीशी उभा राहिलेला आणि सर्वांची चित्रे काढणारा माणूस स्वतः चित्रात क्वचितच असतो, ही गोष्ट आपल्या लक्षात फार उशिरा येते.

वृद्ध माणसे बहुधा म्हणतात, ‘‘आता कशाला आमचा फोटो?’’ त्या प्रश्नामागे काय दडलेले असते, हे त्यांनाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. म्हणून त्यांना एकट्याला भिंतीपुढे बसवू नये. नातीला मांडीवर द्यावे, आजी-आजोबांना एकत्र बसवावे, जुनी वही उघडून त्यांतील एखाद्या नोंदीविषयी विचारावे. चित्र काढण्यासाठी म्हणून बसू नये, त्यांच्याजवळ बसण्यासाठी बसावे. चित्र त्या ओघात निघते. आणि एखाद्या दिवशी ते निघाले नाही, तरी एक तास त्यांच्याजवळ बसलो, हा जमाखर्च तोट्याचा नाही.

येत्या पाडव्याला वहीपूजन आटोपले, की घरातील सर्व मंडळी आपसूक एकत्र असतात. त्या दिवशी फराळ झाल्यावर अर्धा तास ह्यासाठी राखून ठेवावा. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचे एक तरी मनासारखे चित्र निघेल असे पाहावे. ते फोनमध्येच ठेवू नये, चांगल्या कागदावर छापून घ्यावे, कारण फोन बदलले की चित्रे हरवतात. मागच्या बाजूला नाव, गाव आणि साल लिहावे. आणि जमल्यास एक ओळ आणखी लिहावी: हे चित्र काढले, तेव्हा ते कोणती गोष्ट सांगून हसत होते.